आधी एक पावसाळा तिथे काढा

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 58, यजमान 64 वर्षांचे. सात एकर वावर, एक विहीर, दोन एकर ओलित आणि बाकी कोरडवाहू. कपाशी, तूर, सोयाबीन घेतात. मुलगी अमरावतीला दिलेली. मुलगा मुंबईत नोकरीला, लग्न व्हायचं आहे. मुलाचं म्हणणं असं की शेतीत आता राम उरला नाही. वावर विकू आणि अलिबागजवळच्या एका समुद्रकाठच्या गावात दोन बेडरूमचा फ्लॅट घेऊ. तुम्ही दोघं तिथे राहा, मी शनिवार-रविवार बोटीने येत जाईन.

गिऱ्हाईकही लागलं आहे. एकरी 13 लाख, म्हणजे 91 लाख. पण घेईन तर सातही एकर, आणि इसार मृगाच्या आत, असं त्याचं म्हणणं. फ्लॅट 78 लाखांचा, इमारतीचं काम अजून चालू आहे. बिल्डरचा माणूस सांगतो की राहायचं नसलं तरी महिन्याला 16,000 भाडं कुठे गेलं नाही आणि पाच वर्षांत किंमत दुप्पट. यजमान काही बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, "वावर इकून समुद्र घेतेत का कोनी?"

पत्राच्या शेवटच्या ओळी जशाच्या तशा देते: "दोन वर्षांपूर्वी पोरानं चार दिवस तिकडं नेलं होतं. आमच्याकडं मे महिन्यात विहिरीचा तळ दिसते, अन् तिथं एवढं पाणी! मी किती वेळ पायावर लाटा घेत उभी होती. खरं सांगू का, पोरापेक्षा मलाच जावंसं वाटते. हे घरात कोणाला सांगितलं नाही. माझं चुकते का?"

ताई,

तुमचं काहीही चुकत नाही. जन्मभर विहिरीच्या पाण्याकडे बघत दिवस काढलेल्या बाईला समुद्र बघून तिथेच राहावंसं वाटलं, तर त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण तुम्ही ते लपवलं आणि तिथूनच गाठ पडली आहे. घरात सगळ्यांना वाटतं की हा मुलाचा हट्ट आहे. यजमान मनातल्या मनात मुलाशी भांडत आहेत, मुलगा हिशेब मांडतो आहे, आणि जिची खरी इच्छा आहे ती बाई स्वयंपाकघरात गप्प आहे. तेव्हा पहिलं काम हे की यजमानांना सांगा: "मला समुद्र आवडला. मला काही दिवस तिथे राहून बघायचं आहे." विकण्याचा विषय त्या वाक्यात आणू नका. राहून बघायला वावर विकावं लागत नाही.

मला या प्रश्नाची दोन्ही टोकं माहीत आहेत म्हणून जरा लांबण लावते. माझी बँकेतली नोकरी यवतमाळ आणि वाशीम जिल्ह्यांत पीककर्जाच्या फायली बघण्यात गेली. शेवटची तीन वर्षं मात्र बदली अलिबागला झाली आणि मी वरसोलीला, किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिले. मलाही पहिल्या महिन्यात तुमच्यासारखंच झालं होतं. संध्याकाळी ऑफिस सुटलं की वाळूवर जाऊन बसायचं. ओहोटी असली की लोक कुलाब्याच्या किल्ल्यापर्यंत चालत जाताना दिसायचे, भरती आली की तोच किल्ला पाण्यात. एवढा मोठा बदल रोज दोनदा, आणि कोणाला त्याचं काही नाही. मन भरत नसे.

मग जून आला.

आपल्याकडे पाऊस येतो तो वाट बघायला लावून. तिथे तो येतो आणि मुक्कामच करतो. आपल्या भागापेक्षा दुपटीहून जास्त पाऊस त्या किनाऱ्यावर पडतो. मिठाच्या बरणीत पाणी सुटलं. घरून नेलेल्या तुरीच्या डाळीला पंधरा दिवसांत वास यायला लागला. दोरीवरचे कपडे चौथ्या दिवशीही दमट. गोदरेजच्या कपाटाच्या बिजागऱ्या तांबूस झाल्या, आणि एका रविवारी बाजारातून परत आले तर दाराचं कुलूपच उघडेना. किल्ली आत जाते, फिरत नाही. शेजारच्या आजींनी खोबरेल तेलाची वाटी आणली, चार थेंब सोडले, दहा मिनिटं थांबायला सांगितलं आणि मग ते उघडलं. खारा वारा लोखंड असंच खातो, त्या म्हणाल्या. खिडक्यांचे गज, गच्चीवरच्या टाकीचा स्टँड, एसी, स्लॅबमधली सळई, सगळ्यांना तोच वारा लागतो. तिथल्या इमारतीची डागडुजी आणि रंग हा वर्षा-दोन वर्षांचा खर्च असतो, आपल्या गावासारखा दहा वर्षांचा नाही.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा मी तिथेच होते. नारळी-सुपारीच्या पिढ्यानपिढ्यांच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. आपल्याकडे गारपीट झाली तर त्या हंगामाचा हरभरा जातो. सुपारीची बाग गेली तर पुढची बाग उभी राहायला वर्षं लागतात. त्या लोकांचे चेहरे मला आपल्या लोकांसारखेच वाटले.

पण पावसाची सवय होते, ताई. ज्याची सवय मला झाली नाही ते वेगळं होतं. आमच्या इमारतीत सोळा फ्लॅट होते. शुक्रवारी रात्री गाड्या लागायच्या, दोन दिवस जिन्यात पोरांचा दंगा, आणि रविवारी संध्याकाळी सगळं सामसूम. सोमवारी दिवेलागणीला खाली उभं राहून वर बघितलं की तीन खिडक्यांत उजेड असायचा, त्यातली एक माझी. ज्या गावात घर घ्यायला सगळी मुंबई धावते, तिथल्या नव्या इमारतींत राहणारं माणूस कमीच असतं, कारण घेणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना राहायचं नसतंच. त्यांना शनिवार-रविवार पाहिजे असतो, नाहीतर पैसा गुंतवायचा असतो. तुम्हाला मात्र सातही दिवस काढायचे आहेत. एकदा मला तीन दिवस ताप होता, तेव्हा मला पेज आणून दिली ती त्याच शेजारच्या आजींनी. त्या इमारतीतल्या नव्हत्या. मागच्या जुन्या कौलारू घरात त्यांच्या चार पिढ्या गेल्या. त्यांचा नातू मला म्हणाला होता की त्याला त्याच्याच गावात आता खोली घेणं परवडत नाही, तो पेणला राहायला जातो आहे. हे मी तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून सांगत नाही. शेजार म्हणून ज्यांचा आधार वाटेल ती माणसं कौलारू घरांत असतील, इमारतीत नसतील, एवढं ध्यानात राहू द्या. घर बघायचंच झालं तर जुन्या वस्तीच्या कडेला बघा.

आता मुलाच्या जवळ राहण्याचं. तो दर आठवड्याला बोटीने येईन म्हणतो. मनापासूनच म्हणत असेल. गेटवेहून मांडव्याला बोट तासाभरात येते, पण त्या बोटी जून ते ऑगस्टच्या काळात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून गाड्या घेऊन येणारी रो-रो 2020 पासून सुरू आहे, ती पावसातही बरीच चालते, तरी समुद्र खवळला की तीही थांबते. मांडव्याला उतरून पुढे अलिबागेपर्यंत आणखी वीसेक किलोमीटर. रस्त्याने यायचं तर पेणवरून, आणि शनिवारी सकाळी त्या रस्त्यावर काय गर्दी असते ते मी अनेकदा बसमधून बघितलं आहे. अटल सेतू 2024 च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून मुंबईतून बाहेर पडणं सोपं झालं, पुढचा रस्ता मात्र तोच. एकट्या मुलाला आज जे जमेल ते लग्न झाल्यावर, मूल झाल्यावर, नोकरी पुण्याला किंवा बंगळुरूला गेल्यावर जमेल का? हे त्याला ओरडून विचारू नका, शांतपणे विचारा. आणि अमरावतीची लेक आज बसने दोन तासांत येते, ती मग रात्रभराच्या रेल्वेच्या अंतरावर जाईल, हेही त्याच हिशेबात धरा. पत्रात तुम्ही तिच्याबद्दल एकच ओळ लिहिली आहे.

तिला हिशेबात धरण्याचं दुसरंही एक कारण आहे. वावर वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा त्यात मुलाइतकाच हक्क आहे, आणि वडील हयात असोत-नसोत तो जन्मानेच आहे हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. मुलाने तिला विचारलं आहे का? तिने खुशीने सही केली तरी तिचा वाटा कुठे गेला, हे कागदावर आलं पाहिजे. पीककर्जाच्या फायलींमुळे मी अशी किती घरं बघितली, जिथे बहिणीने सही तर दिली आणि त्यानंतर राखी आली नाही. आणि वावर यजमानांनी स्वतः घेतलेलं असेल तर कायदा वेगळा लागतो. तेव्हा सातबारा आणि जुने फेरफार घेऊन तालुक्याच्या एखाद्या जुन्या वकिलाकडे एक चक्कर मारा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 1 आहे की वर्ग 2, तेही बघून घ्या. आपल्या भागातल्या जुन्या कागदांवर भूमिस्वामी आणि भूमिधारी असे शब्द असतात. भूमिधारी लिहिलेलं असेल तर ती जमीन आज कोणत्या वर्गात धरतात ते वकिलालाच विचारा, कारण वर्ग 2 ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही.

आता पैशाकडे येते, कारण बिल्डरच्या माणसाने तुम्हाला एकच बाजू दाखवली आहे. काम चालू असलेल्या फ्लॅटवर 5 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 78 लाखांवर 3 लाख 90 हजार. मुद्रांक शुल्क 5-6 टक्के धरलं तर आणखी चार-साडेचार लाख. नोंदणी फी, वकील, सोसायटीची अनामत, पंखे, गॅस, दोन पलंग. 91 लाखांतले हातात उरतील दोन-तीन लाख. ताई, मग तुम्ही दोघं खाल काय? ज्वारी, तूर, हरभरा घरचा होता, भाजी धुऱ्यावरची होती, दूध घरचं होतं. तिथे कोथिंबिरीची जुडीही विकत घ्यायची, वर दर महिन्याला मेंटेनन्स. पीएम किसान आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाला 12,000 येतात, तेही वावराबरोबर गेले. मुलगा पाठवेल, मला शंका नाही. पण ज्या माणसाने 64 वर्षं कोणापुढे हात पसरला नाही त्याला चपलेसाठीही मुलाला फोन करावा लागेल. यजमान गप्प आहेत त्याचं एक कारण हे असू शकतं. तुम्हीच एकदा विचारून बघा.

आणि ते 16,000 भाडं? वर्षाचे झाले 1 लाख 92 हजार, तेही बाराही महिने भाडेकरू राहिला तर. सगळा खर्च धरून घातलेल्या 88-89 लाखांवर शंभराला सव्वादोन रुपयेही नाहीत. तुमच्या मुलाला पगारातून गुंतवणूक करायची असेल तर त्याने करावी, तो तरुण आहे. तुमच्या म्हातारपणाची ती सोय नाही. किंमत दुप्पट होईल असं म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की त्याच इमारतीतला जुना फ्लॅट मागच्या वर्षी कितीला विकला गेला, त्याची नोंदणी दाखव. विरार-अलिबाग मार्गिका येणार हे सांगून त्या पट्ट्यात वर्षानुवर्षं भाव वाढवले जातात. रस्ता यायचा तेव्हा येईल, पैसे मात्र तुम्ही आज देणार.

यात एक गोष्ट अशी आहे की जी मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाच्या ध्यानात येणार नाही, आणि माझ्या मते ती सगळ्यांत मोठी आहे. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. कोकणाला 1948 चा कूळकायदा लागू आहे, आपल्या विदर्भाला 1958 चा वेगळा, पण ही अट दोन्हीकडे. तुम्ही शेतकरी आहात याचा पुरावा म्हणजे तुमच्या नावाचा सातबारा. सातही एकर विकले की तो पुरावा गेला. उद्या तिथे मन रमलं नाही आणि परत येऊन दोन एकर घ्यावंसं वाटलं, तर रीतसर घेणंच अवघड होऊन बसेल. तुमच्या मुलालाही पुढे ती वाट बंद होईल. मुंबईतले पैसेवाले लोक शेतकरी दाखल्यासाठी काय काय खटपटी करतात ते मी तिथे बघितलं आहे, आणि तुमच्याकडे तो वंशपरंपरेने आहे. म्हणून कोणत्याही परिस्थितीत सगळं वावर विकू नका. विहिरीचं ओलित तर ठेवाच, आणि त्यात तुमचंही नाव लावून घ्या.

गिऱ्हाईक म्हणतं सातही एकर. मग हे तुमचं गिऱ्हाईक नाही. रस्त्याला लागून वावर असेल तर तीन एकरांना दुसरं मिळेल. विकताना तुकडेबंदीच्या कायद्यात बसेल, म्हणजे ठरलेल्या क्षेत्राहून लहान होणार नाही, असाच भाग पाडा आणि आधी मोजणी करून घ्या. करारावर किंमत कमी दाखवून वरचे पैसे रोख देतो असं कोणी म्हणालं तर तिथेच हात जोडा. जमीन-घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, दंड घेणाऱ्यालाच भरावा लागतो. उलट खरी किंमत दाखवण्यात तुमचा फायदा आहे. दारव्ह्यासारख्या नगरपरिषदेच्या हद्दीपासून 2 किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन असेल तर तिच्या विक्रीच्या नफ्यावर आयकर लागत नाही. 2 किलोमीटरच्या आत असेल तर मात्र लागतो, तेव्हा आधी सीएला विचारा.

मी स्वतः तिथे चुकले आहे, ते सांगितल्याशिवाय हा सल्ला पुरा होणार नाही. दुसऱ्या वर्षी मला वाटलं की निवृत्तीनंतर इथेच राहावं. एका दलालाने तीन गुंठ्यांचा प्लॉट दाखवला. मार्च महिना होता, जमीन कोरडी, भोवती कुंपण, रस्त्याला मुरूम. मी दीड लाख इसार दिला. ऑगस्टमध्ये सहज बघायला गेले तर प्लॉटवर गुडघाभर पाणी, आणि ते पावसाचं नव्हतं. बोट बुडवून जिभेला लावलं, खारट. ती खाजणाची जमीन होती, जुना बांध फुटला की भरतीचं पाणी तिथपर्यंत येई. सातबारा मागितला तर त्यावर अकरा नावं निघाली, अर्धी माणसं मुंबईत, दोन वारलेली, वारसांची नोंद नाही. पैसे परत मिळायला दोन वर्षं लागली, तेही दहा-दहा, वीस-वीस हजार करून. जन्मभर दुसऱ्यांचे सातबारे तपासणाऱ्या मला असं झालं, कारण तिथे मी डोळ्यांनी घेत होते. त्या संध्याकाळी वारा फार सुंदर होता.

तेव्हा पुढे कधी घ्यायची वेळ आलीच, तर जागा ऑगस्टमध्ये बघायची आणि मे महिन्यात परत बघायची. ऑगस्टमध्ये पाणी कुठवर येतं ते कळतं, मेमध्ये विहिरीचं पाणी गोड राहतं की मचूळ होतं ते. इमारतीला पाणी कुठून येतं, उन्हाळ्यात टँकर किती लागतात, हे बिल्डरला विचारू नका. शेजारच्या इमारतीच्या वॉचमनला विचारा. समुद्राच्या भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या पट्ट्याला सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे, नियम लागतात. "समुद्र दिसतो" असं जाहिरातीत असेल तर परवानगीचा कागद आधी मागायचा. काम चालू असलेली इमारत महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर नोंदलेली आहे का, ताबा कधी द्यायचं लिहिलं आहे, आधी किती वेळा मुदत वाढवली, हे मुलगा मोबाईलवर पाच मिनिटांत बघू शकतो. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली तयार इमारत घेतली तर जीएसटीही लागत नाही आणि भिंतीची ओल डोळ्यांना दिसते. ओल बघायला आपल्याला कोणी शिकवायला नको.

घर कोणाच्या नावाने, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही. बहुतेक मुलाच्या असं गृहीत धरलं असेल. पैसा वावराचा असेल तर नाव तुमचं आणि यजमानांचं पाहिजे. तुमच्या एकटीच्या नावाने घेतलं तर बाईला मुद्रांक शुल्कात 1 टक्क्याची सवलतही आहे. मुलाला पुढे ते मिळायचंच आहे, मृत्युपत्राने द्या. हयातीत बक्षीसपत्र करायचंच झालं तर त्यात तो तुमचा सांभाळ करील ही अट लिहा. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा अशा अटीच्या जोरावरच तुमच्या मदतीला येतो. मुलावर माझा अविश्वास नाही, पत्रावरून तो मायाळू वाटतो. कागद हे मायाळू मुलांसाठीही नीट असावे लागतात, कारण पुढे सून येते, नोकरी जाते, कर्ज होतं.

या वर्षी काय करायचं ते सांगते. गिऱ्हाईकाला नाही म्हणा. मृगाच्या घाईत इसार घेऊ नका, सौदाचिठ्ठीवर सही तर नकोच. एरवी जसं पेरता तसं पेरा. पहिली डवरणी आणि निंदण आटोपलं की जुलैच्या मध्यावर वरसोली, नागाव, किहीम, आक्षी अशा कोणत्याही गावात एक खोली महिन्या-दीड महिन्यासाठी भाड्याने घ्या. पावसाळ्यात पर्यटक नसतात, घरगुती खोल्या रिकाम्या असतात आणि भाव उतरलेले. मुलाने फ्लॅटच्या बुकिंगसाठी जे ठेवले असतील त्यातले थोडे इथे खर्च करू द्या. कारंज्याहून समृद्धीने गेलात तरी पुढे भिवंडीपासून अलिबाग बराच लांब पडतो. त्यापेक्षा बडनेऱ्याहून रात्रीची रेल्वे बरी.

यजमानांनाही न्या. ते येणार नाहीत म्हणतील. म्हणा, पोळ्याच्या आत परत येऊ, बैल तुम्हीच सजवाल. आणि पोळ्याच्या आत खरंच परत या. तिथे गेल्यावर त्यांना किनाऱ्यावर नेऊन बसवू नका, चौल-रेवदंड्याच्या बाजूला वाड्यांमध्ये फिरवून आणा. नारळाखाली सुपारी, सुपारीखाली केळी, त्याखाली अळू, असं एका जागेत चार मजले पीक बघितलं की शेतकरी माणूस आपसूक बोलायला लागतो. माझे वडील एकदा माझ्याकडे आले होते, समुद्राकडे त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि एका वाडीवाल्याशी दोन तास रहाटाच्या पाटावरून बोलत बसले.

त्या दीड महिन्यात मुलगा किती वेळा आला ते मनात मोजा, त्याला सांगू नका. मधल्या दिवसांत संध्याकाळी तुम्ही दोघांनी काय केलं, कोणाशी बोललात, गुडघे दमट हवेत कसे राहिले, बीपीच्या गोळ्या कुठे मिळाल्या, ते बघा. जिल्हा रुग्णालय अलिबागेतच आहे, तुम्ही राहाल तिथून रात्री रिक्षा मिळते का तेही एकदा बघून ठेवा. तुम्ही माळकरी असाल तर मासळीचा वास सकाळ-संध्याकाळ असतो, तो चालतो का तेही. ज्यांना तो चालत नाही त्यांनी त्या गावावर रागावू नये, ते गाव त्या वासावर जगलं आहे.

आणि दीड महिन्यानंतरही तुम्हाला तिथेच राहावंसं वाटलं, तर? तर मी तुमच्या बाजूने आहे. मग दरवर्षी दिवाळी ते होळी तिथे खोली घ्या. थंडीत तिथली हवा फार छान असते. कोरडवाहू पाच एकर पाडव्याला पाडवा ठोक्याने, म्हणजे वर्षाची रक्कम ठरवून कसायला द्या, लिहून द्या, आणि ई-पीक पाहणीची, म्हणजे वावरात काय पेरलं त्याची, नोंद दरवर्षी स्वतः बघा. ठोक्याच्या पैशातून खोलीचं भाडं बरंचसं निघेल. असे दोन-तीन हंगाम गेल्यावर यजमानच म्हणाले की चला, इथे लहानसं घर बघू, तर तीन एकर विकून एका खोलीचं तयार घर, जुन्या वस्तीच्या कडेला, तुमच्या नावाने. उरलेलं वावर आणि ती विहीर तशीच.

तुमच्यासारखी पत्रं मला आर्वीहून, मूर्तिजापूरहून, मेहकरहूनही येतात. कोणाचा मुलगा पुण्याला बोलावतो, कोणाची मुलगी गोव्याला. त्या सगळ्यांनाही मी हेच लिहिते की आधी तिथे सगळ्यांत वाईट महिना काढा आणि तोवर इसार घेऊ नका.

जुलैत निघाल तेव्हा तूरडाळ उन्हात कडकडीत वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात न्या. मिठात चार दाणे तांदळाचे टाका. आणि दाराला घरचं लोखंडी कुलूप नेऊ नका, दारव्ह्याच्या बाजारातून एक पितळी घ्या.